कुठल्या झाडाचं

"पत्रिकेत जेल रोड नको, ताई," म्हणतात मुलीकडचे,
"नुसतं नाशिक रोड टाका. पोस्टमन ओळखतो."
मी गाळते.
एक शब्द गाळायचे पैसे घेत नाही.

छापखान्याच्या मांडणीवर, शाईच्या डब्यांमागे
एक शब्दकोश आहे, पहिला फर्मा गळालेला.
त शाबूत.
तुरुंग, पुल्लिंग. पुढे बारीक टाइपात
परक्या गलबताचं नाव असावं तसं : त्रोंकु. पोर्तुगीज.
झाडाचं खोड.

मला वाटलं, जुळाऱ्याची चूक.
बावीस वर्षं चुकाच तर शोधतेय.
मग हळूहळू दिसलं.
भिंती नंतर आल्या असणार.
आधी एक ओंडका, उभा चिरलेला,
घोट्याच्या मापाची भोकं,
वरून दुसरं फाळकं आणि खुंटी.
माणूस उघड्यावरच. ऊन त्याचं, माश्या त्याच्या,
जाणारे-येणारे बघून जाणारे.
पाय तेवढे झाडाचे.

आणि आपल्याला कुणी शिकवायला नको होतं.
खोड, म्हणून खोडा.
आपलाही होता, शब्दासकट.
तरी त्यांचा घेतला.
चावी, बिजागरी, पाव, पगार, पिंप, घमेलं :
सगळं त्यांच्याच बोटींतून उतरलेलं.
आधी चावी उतरली की आधी तुरुंग,
कोश सांगत नाही.

तन्वीर पिंजारी प्रबंध बांधायला आला होता,
त्याने आणखी एक सांगितला : मास्मोरा.
तिकडची अंधारकोठडी, पण शब्द अरबांचा,
आणि अरबांकडे ते धान्याचं पेव.
मी त्याला चहा पाजला. बांधणीचे पैसे मात्र पुरते घेतले.
आमच्या आजोळी पेवात कुणी एकदम उतरत नसे.
आधी दोरीने कंदील सोडायचे.
विझला, तर खाली हवा नाही.

रंगनाथ माझा धाकटा.
तीन वर्षं कच्चा कैदी.
वडील सुतार, त्यांना हा शब्द सोसायचा नाही.
म्हणायचे, कच्चं लाकूड कोंडून ठेवलं की पीळ धरतं,
मग मारा कितीही रंधा.
आता तो पक्का झालाय. ते बघायला वडील नाहीत.
आतल्या सुतारशाळेत लावलंय त्याला.

मुलाखत वीस मिनिटांची.
जेवलास का, विचारते.
झोप लागते का.
दर खेपेला हेच दोन प्रश्न, दोरीने सोडल्यासारखे,
आणि जाळीपलीकडे बघत राहते
ज्योत कशी आहे.

परवा घरचं सांगायचं राहूनच गेलं.
म्हटलं, रंगा, तुरुंग म्हणजे मुळात झाडाचं खोड.
तो हसला नाही.
"कुठल्या झाडाचं?"

कोशात नव्हतं.
"साग नसणार," तो म्हणाला,
"एवढं रुंद सागाचं खोड कोण वाया घालवेल?
बाभूळ. भोक पाडलं तरी तडकत नाही."
आणि बोटांनी हवेत माप दाखवलं, नेमकं, घोट्याएवढं.
नखांत भुसा होता.
वडिलांच्या असायचा तसाच.
शिपाई वेळ झाली म्हणाला तेव्हा
आम्ही बाभळीवरच होतो.

बाहेर रिक्षावाला ओरडत होता,
"पंचवटी, पंचवटी, एक सीट!"
पाच वडांचं गाव नदीपलीकडे.
लहानपणी वडील दाखवायला न्यायचे.
एकेका झाडाला नंबर दिलेला,
रंगा मोठ्याने वाचायचा, पाचपर्यंतच यायचे तेव्हा.
आता त्याच्या नंबरात चार आकडे आहेत.

मला जायचं होतं छापखान्यात, चालत दहा मिनिटं.
तरी बसले.
कडेची जागा, अर्धी मांडी बाहेर.
रिक्षावाल्याने आरशातून बघितलं.
"ताई," म्हणाला, "पाय आत घ्या."